अबोल सहविक्रेते

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या स्नेहसंमेलनात चार शब्द बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. 'आपल्या तरुणांनी व्यापारात कसे पडावे' असा विषय चिटणीसांनी मला पत्राने सुचविला होता. विषय मोठा आहे आणि त्यावर बोलण्याचा अधिकार माझ्याहून थोरांचा आहे. मी बोलूनचालून रत्नागिरी तालुक्यातला आंब्याचा बागायतदार. तेव्हा चिटणीसांची क्षमा मागून त्या मोठ्या विषयाचे एक लहानसे टोक तेवढे मी हाती धरणार आहे. हेच टोक निवडण्याचे कारण असे की, त्यासंबंधी या सभागृहात बसलेल्या काही कुटुंबांचे मी देणे लागतो. पैशाचे नव्हे, खुलाशाचे.

आपल्यापैकी पुष्कळांना स्मरत असेल, 2023 च्या जानेवारीत याच व्यासपीठावरून मी एक आवाहन केले होते. आमचा हापूस वाशीच्या बाजारात आडत्याकडे न पाठविता थेट घरोघर पोहोचवावा, आणि त्या कामी ज्ञातीतील भगिनींनी व विद्यार्थ्यांनी हातभार लावून दोन पैसे मिळवावेत, अशी ती योजना होती. या पद्धतीला इंग्रजीत 'अॅफिलिएट मार्केटिंग' म्हणतात. मी आपला साधा शब्द वापरतो, सहविक्रेता. सहविक्रेत्याने माल विकत घ्यायचा नाही, साठवायचा नाही, भांडवल घालायचे नाही. त्याला आमच्या संकेतस्थळाचा एक दुवा, म्हणजे लिंक, आणि त्याच्या नावाचा एक कोड मिळतो. त्याच्या ओळखीचे कोणी तो दुवा उघडून पेटी मागविली, की ती विक्री त्याच्या नावे नोंदली जाते. ग्राहकाला दर तोच पडतो. शेकडा 8 रुपये आम्ही आमच्या नफ्यातून सहविक्रेत्याला देतो.

कल्पना माझी नव्हे. अॅमेझॉन ही अमेरिकन कंपनी केवळ पुस्तके विकत होती, त्या काळात, 1996 साली, तिने आपल्याकडे ही पद्धत सुरू केली आणि ती जगभर पसरली. ग्राहकाच्या यंत्रात 'कुकी' नावाची एक लहानशी खूण ठेवली जाते आणि तिच्यावरून त्याला कोणी पाठविले ते विक्रेत्याला कळते. अॅमेझॉनकडे ही खूण साधारणतः 24 तास धरली जाते. पुस्तकाला ते ठीक आहे. आंब्याला चालत नाही. आपल्याकडे मनुष्य गुढीपाडव्याला भाव विचारतो आणि अक्षय्यतृतीयेला पेटी घेतो! म्हणून माझ्या सूनबाईने, म्हणजे जिने हे संकेतस्थळ उभे केले तिने, ती खूण सबंध हंगामभर राहील अशी तजवीज केली. आणि ग्राहकाने फोनवर नुसते 'अमुक वहिनींनी सांगितले' असे म्हटले तरी आम्ही नोंद करतो.

त्या दिवशी या सभागृहात 64 जणांनी नावे दिली. टाळ्या पडल्या. मला धन्यता वाटली. मार्च उजाडला, मे संपला, आणि हंगामाअखेरीस सूनबाईने हिशेबाचा कागद माझ्यापुढे ठेवला. 8 जणांनी भरपूर पेट्या दिल्या होत्या. 15 जणांनी एक-दोन पेट्या दिल्या होत्या. उरलेल्या 41 जणांच्या नावापुढे शून्य होते.

मला राग आला. हे मी आज लपवीत नाही. ज्ञातीच्या मुलांसाठी म्हणून आपण योजना करावी, आणि त्यांनी ढुंकूनही पाहू नये, अशी माझी त्या वेळची भावना होती. त्या रागाच्या भरात मी सर्व सहविक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप समूहावर एक निवेदन धाडले. 'ज्यांनी या हंगामात एकही पेटी दिली नाही त्यांची नावे कमी करण्यात येत आहेत. इच्छा असल्यास पुढील वर्षी पुन्हा अर्ज करावा.' आणि खाली 41 नावांची यादी. समूहात कोणाची जाऊबाई होती, कोणाचे व्याही होते, कोणाच्या मुलीचे होऊ घातलेले सासर होते. ती यादी सर्वांनी वाचली.

आठ दिवसांनी माझ्या एका बालमित्राचा फोन आला. त्याच्या धाकट्या भावाची पत्नी त्या यादीत होती. तो एवढेच म्हणाला, "अरे, तिची सासू, म्हणजे माझी आई, एप्रिलभर इस्पितळात होती. रात्रीची हीच उशाशी बसायची. तुला एक फोन करता आला नसता का?" मी निरुत्तर झालो. त्या भगिनीची मी दुसऱ्याच दिवशी घरी जाऊन क्षमा मागितली. तिने चहा केला, 'काही मनात नाही' म्हणाली. परंतु त्यानंतरच्या स्नेहसंमेलनास ती आली नाही.

तो संपूर्ण पावसाळा मी उरलेल्या चाळीस जणांना एकेक करून फोन करण्यात घालविला. डोंबिवली, ठाणे, पुणे येथे असलेल्यांच्या घरी गेलो. कोकणातल्या पावसात बागायतदाराला तसेही फारसे काम नसते. 'पेट्या का दिल्या नाहीत?' हा प्रश्न मी कोणालाही विचारला नाही. 'माझ्याकडून काय राहिले?' असे विचारीत गेलो. आरंभी सर्वजण 'वेळच मिळाला नाही हो काका' असे म्हणत. चहा झाल्यावर, थोडे इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर, खरे कारण बाहेर येई. आणि एकाही घरी ते कारण आळस हे नव्हते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल; दोन-तीन ठिकाणी तेही होते. बाकीच्यांची हकीकत निराळी होती.

डोंबिवलीच्या एका भगिनीची गोष्ट मला विशेष लागली. आमच्या कागदावर तिच्या नावापुढे शून्य होते, पण वस्तुतः तिने शेजारच्या दोन घरांना पेट्या घ्यायला लावल्या होत्या. त्यांनी दुवा न वापरता सरळ मागणी नोंदविली, म्हणून ती विक्री तिच्या नावावर चढली नाही. हा झाला पहिला घोटाळा. दुसरा याहून वाईट. त्यातल्या एका पेटीत चार फळे साक्याची निघाली. हापूस खाणाऱ्याला साका सांगावयास नको. फळ बाहेरून सोन्यासारखे, आणि कापल्यावर आतला काही गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबूस. बाहेरून पाहून तो बागायतदारालाही ओळखता येत नाही. फळ चौदा आणे तयार असताना, उन्हे चढण्यापूर्वी उतरवावे आणि तापलेल्या जमिनीवर न टाकता सावलीत ठेवावे, एवढी काळजी आम्ही घेतो. तिने साका कमी होतो, नाहीसा होत नाही. त्या शेजारणीने ती चार फळे आणून या भगिनीच्या ओट्यावर ठेवली. या बाईने आम्हाला एका शब्दाने न कळविता बाजारातून चार आंबे विकत आणले आणि शेजारणीला दिले. आठ टक्क्यांपैकी एक पैसा तिला मिळाला नव्हता. उलट पदरचे गेले. त्यानंतर ती कोणाकडे आमच्या आंब्याचे नाव काढीना, यात नवल ते काय!

सज्जनहो, विक्रेता दूर कोकणात असतो. सहविक्रेता त्याच जिन्यावर राहतो. फळ बिघडले तर माझी फार तर एक पेटी जाते. तिचे शेजारपण जाते. जो मनुष्य गप्प बसतो तो बहुधा यासाठी बसतो. आणि माल कसा आहे हे ज्याने स्वतः चाखून पाहिलेले नाही, त्याच्या मनातली ही धास्ती कितीही उत्साहाचे निरोप पाठवून निघत नाही. मला विचारताना शरम वाटली, पण विचारल्यावर कळले की, त्या 41 पैकी बहुसंख्य जणांनी आमच्या बागेतला आंबा कधी खाल्लेलाच नव्हता. मी त्यांना दुवा दिला, कोड दिला, सुंदर छायाचित्रे दिली. आंबा तेवढा द्यायचा राहिला.

पुण्यातील एका विद्यार्थ्याची अडचण वेगळ्या प्रकारची होती. त्याने एक पेटी दिली होती. पेटी अठराशेची, त्याचे 144 रुपये होत होते. परंतु आमच्या संगणकाच्या आज्ञावलीत 500 रुपये जमल्याखेरीज रक्कम द्यायची नाही असा नियम मुळातच घातलेला होता. तो नियम आम्ही कधी पाहिलाही नव्हता. त्या मुलाने दोन महिने वाट पाहिली आणि 'असल्या योजना अशाच असतात' असे मनाशी ठरवून तो मोकळा झाला. 144 रुपये ही रक्कम क्षुल्लक खरी. पण पहिली कमाई हातात पडणे आणि न पडणे यांत केवढे अंतर आहे, हे आपल्यातील ज्यांनी पहिला पगार आईच्या हाती दिला असेल ते जाणतात.

तिसरे कारण मात्र आपल्या ज्ञातीच्या स्वभावातले आहे आणि ते मी जरा संकोचानेच सांगतो. ठाण्याच्या एका मुलाने पेटी खपवायचा विचार केला तेव्हा त्याचे वडील म्हणाले, "सख्ख्या आत्याला आंबा विकून तू दलाली खाणार?" मुलगा गप्प झाला. वडिलांचे चुकले असे मला वाटत नाही. नात्यात गुपचूप पैसा घेणे वाईटच. पण यातले वाईट जे आहे ते गुपचूपपणात आहे. आत्याला सरळ सांगावे, 'आत्या, तुम्ही माझ्या कोडवर पेटी घेतलीत तर मला इतके रुपये मिळतात. न घेतलीत तरी आंबा त्याच दराने मिळेल.' आत्या हसून पेटी घेते, किंवा घेत नाही. मनात किल्मिष राहत नाही. आता तर हा कायद्याचाही भाग झाला आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 साली आणि ग्राहक व्यवहार विभागाने 2023 च्या जानेवारीत जे नियम व सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांप्रमाणे एखाद्या वस्तूची शिफारस करणाऱ्याने आपला त्यात आर्थिक संबंध असल्यास तो उघड करावयाचा आहे.

या ठिकाणी मला माझ्या वडिलांची एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. आयुर्विमा महामंडळाची स्थापना 1956 साली झाली. त्यानंतर काही वर्षांनी आमच्या वडिलांनी त्याची एजन्सी घेतली. गावात लहानसे दुकान होते, त्याला जोडधंदा म्हणून. एजन्सी घेतली खरी, पण सहा-सात महिने एकही विमा उतरविला नाही. कोणाच्या दारात जाऊन त्याच्या मरणाची गोष्ट कशी काढायची, असे त्यांना होई. त्या वेळी फील्ड ऑफिसर म्हणून एक गृहस्थ सायकलवरून येत. मी दहा वर्षांचा असेन. ते आले, ओसरीवर टेकले, पाणी प्याले, आणि आकड्यांविषयी चकार शब्द न काढता वडिलांना म्हणाले, "चला, तुमच्या ओळखीच्या एका घरी जाऊ. मी बोलतो, तुम्ही नुसते बसा." दोघे एका मास्तरांच्या घरी गेले. त्यानंतर दुसऱ्या घरी. तिसऱ्या घरी वडील बोलले आणि ते गृहस्थ नुसते बसले. पुढे पंचवीस वर्षे वडिलांनी ती एजन्सी चालविली. हे सर्व डोळ्यांनी पाहिलेला मी, साठ वर्षांनी माझ्याच ज्ञातिबांधवांना व्हॉट्सॲपवर यादी पाठवून मोकळा झालो, याला काय म्हणावे!

तेव्हा 2024 च्या हंगामापासून आम्ही काही फेरफार केले. फेब्रुवारी सरता सरता पहिला आंबा उतरला, त्यातून प्रत्येक सहविक्रेत्याकडे एकेक डझन कच्चा आंबा भाताच्या पेंढ्यात घालून पाठविला. पिकलेला मुद्दाम पाठविला नाही. घरी आढी कशी घालावी, आंबा रोज कसा हाताळून पाहावा, वास सुटल्यावरच का खावा, कच्चे फळ शीतकपाटात का ठेवू नये, हे ज्याने स्वतः आठ दिवस केले, त्याला ग्राहकाच्या प्रश्नांची उत्तरे पाठ करावी लागत नाहीत. साक्याबद्दल नियम केला. ग्राहकाने कापलेल्या फळाचे छायाचित्र दोन दिवसांच्या आत आमच्या क्रमांकावर पाठवावे. त्या फळाची किंमत परत मिळेल, फळ परत पाठविण्याची जरुरी नाही, आणि सहविक्रेत्याने मध्ये पडू नये. पेटीवर आमचाच फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत छापला. 500 रुपयांची अट काढून टाकली. दर शनिवारी ज्याचे जे काही झाले असेल, ते चाळीस रुपये का असेनात, त्याच्या खात्यावर जातात. ज्यांना नात्यातून पैसा घेणे रुचत नाही त्यांच्यासाठी दोन वाटा ठेवल्या. आपला आठवा हिस्सा, म्हणजे ते शेकडा आठ, ग्राहकाला सूट म्हणून द्यावेत किंवा मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीला द्यावेत. ठाण्याच्या त्या गृहस्थांनी दुसरी वाट पसंत केली आणि मुलाच्या हातून पाच पेट्या स्वतःच खपविल्या! (मघाशी मी आठ टक्क्यांना 'आठवा हिस्सा' म्हणालो, ते अर्थातच चूक आहे, आठवा हिस्सा म्हणजे साडेबारा टक्के होतात. सूनबाई समोर बसली आहे आणि तिच्या मुद्रेवरून माझ्या ध्यानात आले.)

आणि पहिल्या मागणीच्या वेळी सोबत बसायचे, हा वडिलांच्या त्या फील्ड ऑफिसरांचा धडा. प्रत्येकाच्या घरी जाणे मला या वयात शक्य नाही. पण सहविक्रेत्याने आपल्या एखाद्या ओळखीच्यास फोन लावावा आणि मी किंवा सूनबाई त्याच फोनवर असावे, ही सोय आज आहे. ग्राहक विचारतो, 'खरा हापूस कशावरून?' सहविक्रेता तेथेच अडखळतो. मी सांगतो की, कोकणच्या हापूसला 2018 साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळालेली आहे. आमची बाग कोठे आहे, झाडे किती, फवारणी कशाची, हेही सांगतो. दुसऱ्या वेळी सहविक्रेता स्वतः सांगतो.

आंब्याचा धंदा तीन महिन्यांचा. उरलेले नऊ महिने सहविक्रेता स्वाभाविकपणे गप्पच असणार, आणि नऊ महिने ज्याची आठवण काढली नाही त्याला मार्चमध्ये एकदम 'पेट्या द्या' असे म्हणणे हा शुद्ध मतलबीपणा आहे. म्हणून डिसेंबरात मोहोर फुटला की मी एक पत्र धाडतो. जानेवारीत तुडतुडे पडले तर तेही कळवितो. कैरी सुपारीएवढी झाली की तिचे छायाचित्र जाते. पंधरवड्यात एकाहून अधिक पत्र नाही. मी सांगतो, सूनबाई लिहून घेते. पूर्वी आम्ही समूहावर 'या आठवड्याचे पहिले तीन मानकरी' अशी नामावळी लावीत होतो. ती बंद केली. पहिल्या तिघांना तिचा फारसा उपयोग नव्हता; चौथ्यापासून चौसष्टाव्यापर्यंत सर्वांना ती टोचत होती.

याचे फळ काय, असे आपण विचाराल. त्या 41 जणांपैकी 9 जणांनी पावसाळ्यातच स्पष्ट सांगितले की, आम्ही त्या दिवशी केवळ भिडेखातर नाव दिले होते. त्यांना मी आभार मानून मोकळे केले, आणि खरे सांगतो, त्या 9 जणांशी माझे संबंध आज पूर्वीपेक्षा अधिक मोकळे आहेत. राहिलेल्या 32 पैकी 19 जणांनी 2024 साली निदान एक तरी पेटी दिली. 6 जणांनी घरच्या अडचणीमुळे वर्षाची रजा मागून घेतली. 7 जण अद्यापि अबोल आहेत. त्यांचे कारण मला उमगलेले नाही. त्या एकोणीस जणांतही बाराजणांनी एक ते तीनच पेट्या दिल्या, त्याही बहुतेक घरच्या घरी. यात मिरविण्यासारखे फारसे नाही. डोंबिवलीच्या भगिनीने मात्र 2024 साली 31 पेट्या दिल्या आणि त्या शेजारणीचे नाव माझ्याकडे नवी सहविक्रेती म्हणून दिले.

2025 च्या हंगामाने आणखी एक गोष्ट शिकविली. त्या वर्षी मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला. कोकणात त्याच्याही आधीपासून मुसळधार चालू होती. झाडावरचा आंबा उतरविता आला नाही, उतरविला तो टिकेना. शेवटच्या आठवड्याच्या मागण्या आम्ही रद्द केल्या आणि ग्राहकांचे पैसे परत केले. प्रश्न असा आला की, त्या मागण्या ज्यांनी आणल्या त्यांचे काय? त्यांचे काम तर त्यांनी चोख केले होते. माझे मत पूर्ण रक्कम द्यावी असे पडले. सूनबाई म्हणाली, जी विक्रीच झाली नाही तिच्यावर कमिशन दिले तर धंदा बुडेल. बराच वाद झाला. शेवटी निम्मी रक्कम दिली. माझे समाधान झालेले नाही आणि तिचेही नाही. पण त्या रात्री प्रत्येक सहविक्रेत्याला आम्ही दोघांनी मिळून फोन केले, हे त्यांच्या लक्षात राहिले असावे, कारण त्यांच्यापैकी कोणीही योजना सोडली नाही.

आता आपल्यातील जी मुले अॅमेझॉनसारख्या मोठ्या कंपन्यांची संलग्न विक्री करतात त्यांच्याविषयी थोडेसे. तेथे कोणी फोन करीत नाही. अॅमेझॉनचा नियमच असा आहे की, नाव नोंदविल्यापासून 180 दिवसांत तीन विक्री न झाल्यास खाते बंद होते. यात कंपनीला दोष देण्याचे कारण नाही. इतक्या असंख्य माणसांना ती कोठवर सोबत करणार? परंतु आपल्या मुलांना खाते बंद झाल्याचा निरोप येतो, आणि घरी 'काय झाले रे तुझ्या त्या लिंकचे?' असा प्रश्न जेवतानाच विचारला जातो. पालकांना माझी विनंती आहे की, त्या मुलाने निवडलेली वस्तू एकदा त्याच्याबरोबर बसून पाहावी. तो जिची शिफारस करतो ती वस्तू त्याने स्वतः वापरली आहे काय, एवढेच विचारावे. पुष्कळदा तेथेच गाडे अडलेले असते. मंडळाचे वाचनालय रविवारी सकाळी उघडे असते. अशी पाच-सहा मुले तेथे एकत्र बसली, एकमेकांचे लिखाण वाचू लागली, तर जे कंपनी करू शकत नाही ते आपल्यात होईल. चिटणीसांनी यास संमती दिली आहे.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. माझ्याकडेही दोघांनी सुचविले की, जो नवा सहविक्रेता आणील त्याला त्याच्या विक्रीतूनही हिस्सा द्या, म्हणजे बघा कसे सगळे जागे होतात. मी नकार दिला. जेथे पैसा मालाच्या विक्रीतून न येता माणसे भरती करण्यातून येतो, तो व्यवहार निराळा. त्याला आळा घालणारा कायदा 1978 सालचा आहे आणि 2021 च्या थेट विक्रीच्या नियमांनीही अशा पिरॅमिड योजनांना बंदी केली आहे. ज्ञातीसारख्या ठिकाणी तर हे विष फार लवकर भिनते, कारण येथे नकार देणे जड जाते. नाव नोंदविण्यासाठी पैसे मागणारा, किंवा 'तुझ्याखाली माणसे जोड' असे सांगणारा कोणी भेटला तर तो आपल्या ज्ञातीचा असला तरी घरात घेऊ नये.

माझा खुलासा संपत आला. ज्या भगिनीचा मी आरंभी उल्लेख केला, तिचा गेल्या एप्रिलात फोन आला होता. तिने दोन पेट्या मागविल्या, ग्राहक म्हणून. मी तिचा जुना कोड लावू का, असे विचारले. 'नको काका, तसेच द्या' म्हणाली. तो कोड मी दुसऱ्या कोणाला दिलेला नाही. तिच्या सासूबाई आता हिंडत्याफिरत्या आहेत, आणि आज त्या दोघी येथे आल्या आहेत असे मला मघाशी कोणी सांगितले. सभा संपल्यावर भेटेनच.

दारापाशी सतरंजीलगतच्या मेजावर एक वही ठेवली आहे. तीत तीन रकाने आहेत. पुढील हंगामात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी पहिला. वर्षाची रजा हवी असणाऱ्यांसाठी दुसरा, कारण लिहिण्याची आवश्यकता नाही. आणि नाव काढून टाकावयाचे असेल तर तिसरा. वही मी व सूनबाई यांखेरीज कोणी पाहणार नाही. ज्यांना वहीत लिहिणे अवघड वाटेल त्यांनी फोन करावा. ज्यांचा फोन येणार नाही त्यांना मी करीन.